मदत हवी आहे: ओआहाकात पाट्यावर वाटलेलं चॉकलेट कुठे मिळेल?

नोव्हेंबरात मेक्सिकोत ओआहाकाला जातोय, मुख्यतः चॉकलेटसाठी. तिथे मिना रस्त्यावरच्या गिरण्यांत भाजलेला कोको, दालचिनी, बदाम आणि साखर आपल्यासमोर दळून देतात, हे माहीत आहे. पण मला अशी लहान दुकानं हवी आहेत जिथे कोको अजूनही मेताते नावाच्या दगडी पाट्यावर वाटतात आणि बी कोणत्या गावचं ते सांगतात. ओआहाकातला बराचसा कोको ताबास्को आणि चियापासमधून येतो. चियापासमधलं सोकोनुस्को तर अ‍ॅझ्टेकांना खंडणीत कोको देणारा प्रांत! आज तिथे राबणाऱ्या शेतकऱ्याचा पाकिटावर उल्लेखही नसेल, तर नुसतं ‘प्राचीन वारसा’ छापून काय उपयोग?

कुणी तिथे राहतं का, किंवा जाऊन आलंय का? ताबास्कोत कोमाल्काल्कोजवळच्या कोकोच्या बागा बघायला एवढा लांबचा फेरा घ्यावा का? तेहाते (मका, कोको आणि मामे फळाच्या बियांचं थंड पेय) सान आंद्रेस वायापामला जाऊनच प्यावं की शहरातल्या बाजारातलंही चांगलं असतं? बिनसाखरेचा दळलेला कोको भारतात आणताना कस्टममध्ये अडवलं का कुणाला?

स्पॅनिश जेमतेम येतं, त्यामुळे दुकानात नेमकं काय विचारायचं तेही सांगा.