उत्तर: शनिवारी वकिलातीत साक्षीदार हवेत (बोळाचं ना-हरकत पत्र)

प्रेषक: माई

नमस्कार मंडळी,
येत्या शनिवारी इथल्या भारतीय वकिलातीत कोण जाणार आहे? पुण्यातल्या पुतण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्रावर (माझ्या वतीनं सह्या करायचा अधिकार) सही करायची आहे, दोन साक्षीदार लागतात. पासपोर्ट बरोबर हवा. पुण्यातल्या वाड्याचं एकदाचं जमतंय. आमचा आणि मागचा वाडा एकत्र करून इमारत होणार, मधला बोळ बंद करून प्लॉटमध्ये घेणार. त्याचं ना-हरकत पत्रही बिल्डरला याच महिन्यात हवंय. जेवणाचा डबा मी आणते.

प्रेषक: नाना

माई, साक्षीदार म्हणून मी येतो. पण ना-हरकतीवर सही करू नकोस. पानशेत फुटलं त्या दिवशी, 12 जुलै 1961 ला, नदीच्या बाजूच्या दारातून पाणी आत आलं तेव्हा आईनं आम्हा तिघांना याच बोळातून बाहेर काढलं. धाकटा तिच्या कडेवर, माझ्या हातात देवांचा डबा. पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि मी भिंत चाचपत चालत होतो. भिंतीला सायकलींच्या हँडलनी घासून पडलेली खाच होती, ती हाताला लागली की पुढं वळण आहे हे कळायचं. शनिवार पेठेत ज्यांची घरं होती त्यांना विचारा. ती गल्ली सगळ्यांची आहे, दोन वाड्यांची नाही.

प्रेषक: अक्का

नाना, गल्ली नव्हे, बोळ. गल्ली म्हणजे तपकीर गल्ली, आळी म्हणजे बोहरी आळी, आणि बोळ म्हणजे शालूकर बोळ, भाऊ महाराज बोळ. माझं माहेर भाऊ महाराज बोळातलं, म्हणून राहवलं नाही. शनिवारी मला जमणार नाही, नातीचा नाच आहे.

प्रेषक: बापू

शब्द कोणताही वापरा, कागदावर काय लिहिलंय ते आधी बघा. पुण्यात असताना मी पेठांतल्या वाड्यांचे नकाशे करायचो, त्या अनुभवावरून सांगतो. माई, तुमच्या मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) बोळाची नोंद कशी आहे? 'सामाईक' असेल तर त्या बोळावर ज्यांची ज्यांची दारं उघडतात त्या सगळ्यांचा प्रश्न आहे, नुसत्या तुम्हा दोघांच्या सहीनं भागणार नाही. सार्वजनिक असेल तर रस्ता महापालिकेचा. मग तुमच्या ना-हरकतीनं तो बंद होतच नाही. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात त्याची रीत दिली आहे: आयुक्तांच्या सहीची नोटीस त्याच रस्त्यावर लावायची, महापालिकेच्या सभेच्या किमान एक महिना आधी, लेखी हरकती घ्यायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मग सभेची मंजुरी. पुतण्याला बोळात पाठवा, अशी नोटीस लागली आहे का ते बघून येऊ दे.

दुसरं, बोळाखाली ड्रेनेज आहे. मागच्या घरांचे चेंबर त्यावरच असतील. इमारत उभी राहिली तर ती लाइन कुठून नेणार, हे बिल्डरकडून नकाशावर काढून घ्या, तोंडी नको. मैला वर आला की पहिल्यांदा तळमजल्यावर येतो.

प्रेषक: अक्का

बापू, बोळ रुंद करायचं का कोणी बोलत नाही? 2020 मध्ये महापालिकेनं 6 मीटरच्या 323 रस्त्यांची रुंदी 9 मीटर करायचा प्रस्ताव आणला होताच ना? तेव्हा माझ्या भावाला धाकधूक लागली होती की दुकानाची पायरी आणि ओटा जाणार. तेव्हा 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क आणून जादा बांधणं) मिळत नव्हता म्हणून रुंदी हवी होती, आणि इकडे जो बोळ आहे तो बुजवायचा.

प्रेषक: सचिव, मंडळ

सर्वांना विनंती, या यादीवर जमीनजुमल्याचे विषय नकोत असं मागच्या सभेत ठरलं आहे. गणपतीत हॉलच्या किल्लीवरून झालं ते पुरे. माईंना साक्षीदार मिळेपर्यंत मी थांबते, पुढचं एकमेकांना वेगळं लिहा. मुखत्यारपत्राबद्दल एवढंच: कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. माझ्या दिरांचा कागद कपाटात राहिला आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

प्रेषक: माई

सचिवताई, एकदाच लिहिते आणि थांबते. नाना, तुम्ही त्या बोळातून जीव वाचवून बाहेर पडलात, आणि गेल्या पावसाळ्यात माझ्या जाऊबाईंना त्याच बोळातून बाहेर काढता येईना. स्ट्रेचर वळणावर अडकलं. दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून नेलं, तोवर रुग्णवाहिका नाक्यावर अर्धा तास उभी. वरच्या मजल्याला चार टेकू लावलेत. रात्री लाकूड करकरलं की त्या उठून बसतात. त्यांचं वय 81 आहे. मला इमारत हवी आहे, आणि लवकर हवी आहे.

पण बापूंनी सांगितलं म्हणून पुतण्याकडून पत्रिकेचा फोटो मागवला. 'सामाईक बोळ' असंच लिहिलं आहे. आणि मागच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या घराचं दारही बोळातच उघडतं, त्यांचं नाव बिल्डरच्या कागदात कुठेच नाही. त्यांच्याकडे दुसरी वाट नाही. हे मला आधी दिसायला हवं होतं. नोटीस लावलेली नाही, तेही त्यानं बघितलं.

मुखत्यारपत्रावर शनिवारी सही करते. पुनर्विकासासाठी पुतण्याला अधिकार देते, बोळाचा परिच्छेद मात्र काढून टाकायला वकिलांना आजच लिहिलं. तिसऱ्या घराची जायची वाट आणि ड्रेनेजची लाइन नकाशावर येईपर्यंत ना-हरकत पत्र देणार नाही, हेही बिल्डरला कळवलं.

नाना, सकाळी नऊला निघू, मी गाडी घेऊन येते. अजून एक साक्षीदार हवाच आहे.

प्रेषक: बापू

मी येतो. पत्रिकेचा फोटो आणि असेल तर जुना नकाशा मला आजच पाठवा, गाडीत बसून बघता येणार नाही.