दिवाणखान्याला गडद रंग द्यावा का?

ओसरी:
पुण्यातील आमच्या सदनिकेच्या दिवाणखान्याला गर्द हिरवा किंवा काळसर निळा रंग द्यावा, असे माझ्या मनात आहे. खोलीला पश्चिमेकडे एकच मोठी खिडकी आहे आणि सामान नाना तऱ्हेचे आहे: आजेसासऱ्यांचे सागवानी कपाट, पितळी समया, आधुनिक घाटाचा राखाडी सोफा आणि भुजहून आणलेले भरतकाम. अशा रंगाने खोली लहान आणि उदास दिसेल, असे घरच्यांचे म्हणणे आहे. रंगारी तर एकच भिंत गडद करून बाकीच्या पांढऱ्या ठेवण्यापलीकडे जायला तयार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजघर:
रंगाऱ्याचे ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गडद भिंतीला लागून पांढरी भिंत आली की नजर नेमकी त्या सांध्यावर अडते आणि खोली कुठे संपते ते लगेच कळते. चारही भिंती, दाराच्या चौकटी आणि स्कर्टिंग एकाच रंगात असले, तर कोपरे पुसट होतात आणि आकाराचा अंदाज सहज येत नाही. खरा प्रश्न उजेडाचा आहे. रंगाच्या माहितीत 'एलआरव्ही' नावाचा आकडा दिलेला असतो, त्यात ० म्हणजे सगळा प्रकाश शोषणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परतवणारा पांढरा. आपण म्हणता ते रंग बहुधा १०च्या खाली असतात, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्साही भिंत परत देत नाही. त्यामुळे छताला एकच ट्यूबलाइट असेल, तर घरच्यांची भीती खरी ठरेल. २७०० केल्विनचे (म्हणजे पिवळसर, उबदार उजेडाचे) आणि सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग खरे दाखवण्याच्या क्षमतेचा आकडा, ९०च्या वर असलेले दिवे डोळ्यांच्या उंचीच्या खाली, तीन-चार ठिकाणी विभागून लावावेत. पश्चिमेच्या तांबूस उन्हात हिरवा रंग शेवाळी दिसू लागतो, म्हणून मोठ्या पुठ्ठ्यावर रंग लावून तो सकाळी, सूर्यास्ताला आणि दिव्याच्या उजेडात पाहिल्याशिवाय डबा विकत घेऊ नये.

बुरूज:
त्याआधी भिंतीची ओल पाहावी. पावसाळ्यानंतर क्षार फुटले, तर पांढऱ्या भिंतीवर ते खपून जातात. गडद भिंतीवर मात्र लांबूनही दिसतात. चकाकीचा रंग पुट्टीतला प्रत्येक उंचसखलपणा दाखवतो आणि मॅट रंगावर सोफ्याची पाठ घासून पट्टे उमटतात, तेव्हा धुता येणारा मॅट रंग घ्यावा आणि प्राइमर राखाडी छटेचा करून घ्यावा, म्हणजे हात कमी लागतात.

कोनाडा:
मिश्र सामानाबद्दल कोणीच बोलले नाही. लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्स येथे वास्तुविशारद सर जॉन सोन यांचे घर आहे. ते आहे तसे जपावे, यासाठी त्यांनी १८३३ मध्ये पार्लमेंटकडून कायदा करून घेतला. तिथे पुतळे, चित्रे आणि भग्नावशेष यांची अक्षरशः दाटी आहे. ग्रंथालय-भोजनकक्षाच्या भिंती गडद लाल आहेत आणि न्याहारीच्या छोट्या खोलीत घुमटाला बसवलेले बहिर्गोल आरसे वरून येणारा उजेड पसरवतात. सामान एका जातीचे नसले तरी पार्श्वभूमी आणि उजेडाची दिशा ठरलेली असेल, तर खोली विस्कळीत वाटत नाही, हे तिथे पटते. आपल्या खोलीत खिडकीसमोर आरसा हवाच. सागवानाची तांबूस छटा निळ्यापुढे उठून दिसते आणि हिरव्यापुढे मिसळून जाते, म्हणून कपाटाला मान द्यायचा असेल तर निळा निवडावा. पितळ एकाच जागी न मांडता दोन-तीन ठिकाणी दिसू द्यावे आणि भरतकाम सोफ्यावर पसरावे, कारण या सगळ्यात परका दिसेल तो राखाडी सोफाच.

ओसरी:
मनःपूर्वक आभार. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला ओल आहे, ती आधी दुरुस्त करून घेते. निळ्याला घरच्यांची संमती मिळेल, पण छत पांढरेच हवे असा आग्रह आहे.

माजघर:
चालेल, मात्र पांढरेशुभ्र नको. त्याच निळ्याचे चार थेंब मिसळलेला पांढरा घ्यावा आणि भिंतीचा रंग थेट छतापर्यंत न्यावा. मध्ये पांढरी पट्टी सोडल्यास छत खाली आल्यासारखे वाटते.