शब्दचर्चा : फिल्मवर ‘हात फिरवायचा’ की फिल्म ‘उसवायची’?

मी कोपरखैरण्याची. आमच्या गटाची शॉर्ट फिल्म वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या एका माथाडी आजोबांवर आहे. पहिला कट, म्हणजे शॉट जोडून झालेलं पहिलं रूप, 17 मिनिटांचा होता. वर्गात दाखवला तेव्हा सर म्हणाले, “गोणीचं वजन तुम्ही निवेदनातून सांगताय, मला ते ऐकू येत नाही. आणि निम्मे शॉट तुम्हाला आवडले म्हणून राहिलेत.” फार लागलं. दोन दिवसांनी दुरुस्तीला बसलो, तर या कामाला म्हणायचं काय, पहिलं भांडण त्या शब्दावरूनच.

एकजण म्हणाला, “जरा हात फिरवू.” लेख छापायला देण्याआधी त्यावरून हात फिरवतात, रांगोळीच्या रेषांवरून फिरवतात. काम मुळात जमलेलं आहे, हे त्यात धरलेलंच असतं. आम्ही चार दिवस हात फिरवला, रंग सुधारले, संगीत बदललं. फिल्म 17 मिनिटांचीच राहिली. ‘डागडुजी’ची तीच गत : कौलं बदलतात, घर तेच. ‘फेरसंकलन’, म्हणजे पुन्हा एडिटिंग, अचूक आहे, श्रेयनामावलीत शोभेल, पण रात्री दोन वाजता कोणी तसं बोलत नाही.

‘संकलन’ शब्दावर मी बराच विचार केला. संकलन म्हणजे गोळा करणं. जुन्या गणितात तर बेरजेला संकलन आणि वजाबाकीला व्यवकलन म्हणत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. 1150) ही जोडी आहे. आम्ही पहिल्या कटात शब्दशः संकलन केलं होतं, मिळेल ते जोडत गेलो. सर मागत होते व्यवकलन.

‘टीका’ शब्दाचंही तसंच. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, शके 1212 मधली. तिथे टीका म्हणजे अर्थ उलगडून दाखवणं. सरांची वाक्यं वहीत उतरवून पुन्हा वाचली तेव्हा ती मला याच अर्थाने टीका वाटली. आमची फिल्म कशाबद्दल आहे, हे आमच्याआधी त्यांना कळलं होतं.

मला सुचलेला शब्द ‘उसवणे’. आई ब्लाउज घट्ट झाला की वरून ओढत बसत नाही, शिवण उसवते. आम्हीही शेवटी टाइमलाइनवरचे, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवरचे, सगळे जोड सोडवले, निवेदन पूर्ण काढलं आणि गोणी थप्पीवर आदळण्याच्या आवाजापासून नव्याने सुरुवात केली. आता फिल्म 10 मिनिटांची आहे. ‘फिल्म उसवली’ हा प्रयोग बरोबर वाटतो का?

प्रतिसाद :
ताई, आमचं ठाण्यात नौपाड्याला शिलाईचं दुकान आहे. शब्द चांगला आहे, पण एक अडचण. धागा कुजून शिवण आपोआप सुटली तरी ‘उसवली’, आणि आपण टाके काढले तरी ‘उसवली’च. नुसतं ‘फिल्म उसवली’ म्हणाल तर ती बिघडली असंच कोणालाही वाटेल. ‘उसवून शिवली’ असं पूर्ण म्हणा.

प्रतिसाद :
‘विस्कटली’पेक्षा कितीतरी बरा. विस्कटलेलं पुन्हा नीट लागेलच असं नाही. उसवताना कापड शाबूत राहतं.

प्रतिसाद (नौपाडा) :
कापड शाबूत राहिलं तरी आत माया हवी. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ती माया. ती नसेल तर उसवून काही उपयोग नाही, वाढवणार कुठून?

मूळ लेखिका :
दादा, हा शब्द आमच्याकडे हवाच होता! शॉटच्या आधी आणि नंतर काही सेकंद कॅमेरा चालू ठेवतात, म्हणजे जोड पुढेमागे सरकवता येतो. आम्ही त्याला ‘हँडल’ म्हणतो. ती मायाच. ‘उसवून शिवली’ही घेतलं, यापुढे तसंच म्हणेन.

आमचं नेमकं तिथेच अडलं होतं. गोणी टाकल्यावर आजोबा जो श्वास सोडतात तो आम्हाला हवा होता, आणि गोणी टेकताक्षणी कॅमेरा बंद केलेला. शॉटला मायाच नव्हती. शेवटी पहाटे पुन्हा मार्केटात गेलो, आजोबांशेजारी माइक धरून उभे राहिलो आणि नुसता आवाज घेऊन आलो.