गावरान आणि अमेरिकन कपाशी : दोन वंशवृक्ष जुळत नाहीत, कोणता खरा मानावा?

तापीकाठ (चोपडा) :
वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी गावरान कपाशी म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, आपल्याकडे बहुतेक शेतांत दिसणारी अमेरिकन कपाशी म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम आणि पेरूमधील रानटी गॉसिपियम रायमोंडाय यांचे उपलब्ध डीएनए-क्रम घेऊन, भेंडीला बाह्यगट (तुलनेसाठी घेतलेली, या गटाबाहेरची नातलग वनस्पती) ठेवून, दोन वंशवृक्ष काढले. हरितलवकातील जनुकांवरून अमेरिकन कपाशी गावरान कपाशीजवळ येते, तर केंद्रकातील एका जनुकावरून ती रायमोंडायच्या शेजारी जाते. जाणकारांनी कृपया सांगावे की यांपैकी कोणता वृक्ष रद्द करावा.

काळी माती (धुळे) :
एकही रद्द करू नये. गावरान कपाशी आणि रायमोंडाय या दोन्हींत 26 गुणसूत्रे असतात, अमेरिकन कपाशीत 52. सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातील (आशिया-आफ्रिकेतील) ‘ए’ जनुकसंच-गटाच्या, ज्यात गावरान कपाशी येते, आणि अमेरिका खंडातील ‘डी’ गटाच्या, ज्यात रायमोंडाय येते, अशा पूर्वजांचा संकर होऊन, दोघांचे जनुकसंच एकत्र टिकून ही वनस्पती निर्माण झाली. हरितलवक कपाशीत मातेकडून येते, म्हणून आपला पहिला वृक्ष केवळ मातृकुळाची कहाणी सांगतो आणि ती माता ‘ए’ गटातील होती. केंद्रकात मात्र प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असायला हव्यात. आपल्या हाती बहुधा ‘डी’कडची एकच प्रत आली. दुसरी शोधून त्याच वृक्षात घातली, की ती गावरान कपाशीजवळ बसेल. आजची गावरान कपाशी किंवा रायमोंडाय यांना प्रत्यक्ष जनक मात्र लिहू नये. त्या त्या जनकांच्या आजच्या नातलग आहेत.

बोंडवेचणी (शहादा) :
आमच्या भागात दोन्ही कपाशी शेजारच्या शेतांत असल्या, तरी सरमिसळ होत नाही. इतके जवळचे नाते असताना असे का व्हावे?

काळी माती (धुळे) :
कारण संख्येत आहे. संकरबीज मिळालेच, तर त्यात 39 गुणसूत्रे येतात. ‘डी’कडच्या 13 गुणसूत्रांना जोडीदारच नसल्याने ते रोप सहसा वांझ निघते. 1940 मध्ये कपाशीचे संशोधक बीस्ली यांनी गावरान कपाशीचा संकर थर्बेराय या ‘डी’ गटातील रानटी अमेरिकन जातीशी केला आणि गुणसूत्रे दुप्पट झालेल्या त्या रोपाचा अमेरिकन कपाशीशी संकर घडवून आणला. अमेरिकन कपाशी ‘ए’ आणि ‘डी’ यांच्या संकरातून आल्याचा, डीएनए-क्रम वाचण्याची सोय नसलेल्या काळातला हा पुरावा मला आजही अधिक देखणा वाटतो. विशेष म्हणजे रानटी ‘डी’ जातींना सूत काढण्याजोगा धागाच नसतो. लांब धाग्याची क्षमता ‘ए’ पूर्वजाकडून आली.

पानथळ (भुसावळ) :
मांडणीबद्दल एक सूचना. दुभंगत जाणाऱ्या फांद्यांच्या वृक्षात संकर दाखवता येत नाही, म्हणून जातिवृत्ताचे (वंशेतिहासाचे) जाळे काढावे, म्हणजे अमेरिकन कपाशीकडे दोन रेषा येऊन मिळतील. केळीलाही हेच लागू पडते, कारण तिच्या कित्येक वाणांत मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना या दोन जातींचा वारसा आहे (आपली बसराई मात्र केवळ अक्युमिनाटाची, त्रिगुणित म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली). आणि भेंडी बाह्यगट म्हणून चालते, पण दूरची आहे. पूर्व आफ्रिकेतील गॉसिपिऑइडिस किर्काय ही कपाशीच्या सर्वांत जवळच्या प्रजातींपैकी (जीनसपैकी) एकीतली जाती असल्याने तिचा क्रम मिळाल्यास तीच घ्यावी.