बेसमेंटमधली बाइक आणि शेवटची काळी क्लिप

*सकाळ, ७:४२*

*ए-४०३ ओंकार:* जंपर केबल आहे का कुणाकडे? बाइक उठत नाहीये. बटण दाबलं की नुसतं टक टक टक. मीटरपण मिणमिणतंय. साडेनऊला हिंजवडीत पोचायचंय 🙏

*बी-१०२ काका:* किक मार की.

*ओंकार:* किकच नाहीये हिला काका.

*काका:* बिनकिकेची गाडी घेतातच कशाला कोण जाणे. बरं, चावी ऑन कर, दुसऱ्या गियरला टाक, क्लच दाबून धर आणि दोन पोरं लाव ढकलायला. पळायला लागली की क्लच सोड झटकन.

*ओंकार:* बेसमेंटला आहे. वर यायचा रॅम्प पूर्ण चढाचा. आणि चावी फिरवल्यावर एरवी पंपाचा ऊंऽऽ आवाज येतो, तोही बंद.

*सी-७०१ ताई:* मग ढकलून कंबर मोडून घेऊ नकोस. इंजेक्शनवाली आहे ना? तिच्या पेट्रोल पंपाला आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, आधी करंट लागतो. बॅटरीत थोडी धुगधुगी असेल तर धक्क्याने उठते, पार बसली असेल तर पेट्रोलच पुढे जात नाही. काकांची कार्ब्युरेटरवाली आहे, तिला चालतं.

*काका:* म्हणजे माझीच बरी 😌

*सेक्रेटरी:* टँकर ९ वाजता येतोय. गेटसमोरच्या गाड्या काढाव्यात ही विनंती.

*बी-५०४ दादा:* केबल आहे माझ्याकडे. कार शेजारीच लावलीय. सुरू करून ठेवतो, ओंकार खाली ये.

*ताई:* दादा, कार बंदच ठेवा! दोन्ही १२ व्होल्टच्या, त्यामुळे नुसत्या बॅटरीवर काम होतं. साध्या बाइकची बॅटरी ४-५ अँपिअर-अवरची असते, कारची ३५ च्या पुढे. चालू कारचा करंट बाइकच्या नाजूक वायरिंगला कशाला दाखवायचा.

*दादा:* हे माहीत नव्हतं. मी कारला-कार लावताना चालू ठेवतो.

*ताई:* ते ठीक. बाइकला नको. आता नीट वाचा दोघं. लाल क्लिप आधी बाइकच्या प्लसला, तिचं दुसरं टोक कारच्या प्लसला. मग काळी कारच्या मायनसला. राहिली शेवटची काळी, ती बाइकच्या बॅटरीला लावायची नाही. इंजिनचा रंग नसलेला एखादा बोल्ट बघा, तिथे लावा. शेवटची क्लिप लागताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब हवी. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर फ्यूजवर भागलं तर नशीब, नाहीतर ईसीयू. त्याच्या बिलात नवा फोन येईल.

*काका:* आणि लावताना लाल क्लिप चेसीला टेकू देऊ नका रे. आमच्या एकाचा पाना टेकला होता, वितळून खळगा पडला त्याला.

*८:११*

*ओंकार:* लावलं. तरी टक टक.

*ताई:* काळी कुठे लावलीस?

*ओंकार:* फ्रेमला.

*ताई:* फ्रेमला रंग असतो बाळा, त्यातून करंट जात नाही.

*८:१६*

*ओंकार:* झाली!!! सायलेन्सरच्या वरच्या बोल्टला लावली आणि एका झटक्यात. दादा 🙏 ताई 🙏🙏

*ताई:* क्लिपा उलट्या क्रमाने काढ, इंजिनवरची काळी आधी. आणि लगेच बंद करू नकोस.

*दादा:* व्होल्टमीटर लावलाय मी बॅटरीला. गाडी चालू असताना १४.१ व्होल्ट दाखवतोय.

*ताई:* मग चार्जिंग व्यवस्थित आहे. रेझ केल्यावरही १३ च्या खालीच राहिला असता तर रेक्टिफायर किंवा कॉइल बघायला लागली असती. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आहे का?

*ओंकार:* नाही, स्वच्छ आहेत. आठ महिन्यांपूर्वीच बदललीय बॅटरी.

*ताई:* मग एका रात्रीत बसली कशी? संध्याकाळी चार्जर लाव तिला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये थांबत थांबत जाऊन ती भरणार नाही. भरल्यावर रात्रभर तशीच ठेव, सकाळी १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी चांगली.

*सेक्रेटरी:* वॉचमन सांगतोय, रात्री दोनच्या राउंडला ए विंगच्या एका बाइकचा मागचा लाल दिवा चालू होता. त्याला वाटलं चोराचा अलार्म बसवलाय.

*काका:* ओंकार???

*ओंकार:* 🙈 काल पावसात भिजत आलो. लाल बटणाने इंजिन बंद केलं आणि पळालो वर.

*काका:* आणि चावी?

*ओंकार:* गाडीलाच होती. सकाळी अर्धा तास घरभर शोधली. तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही.

*ताई:* त्या लाल बटणाने, म्हणजे किल स्विचने, फक्त इंजिन बंद होतं. टेललाइट, मीटर रात्रभर जळत बसले.

*काका:* रात्रभर गाडीला चावी आणि गाडी जागेवर! नेणार तरी कशी म्हणा, बॅटरी बसलेली आणि किक नाही 😂

*सेक्रेटरी:* टँकर आला. बेसमेंटच्या तोंडाशी उभी असलेली कार कोणाची आहे? बॉनेट उघडं आहे.

*दादा:* आलो आलो.