आईसाठी व्हिटॅमिन सी: साधी गोळी की लायपोसोमल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. आईचं हिमोग्लोबिन कमी आलं, म्हणून डॉक्टरांनी आयर्नच्या गोळ्या आणि सोबत ५०० मिलिग्रॅमची चघळायची व्हिटॅमिन सी दिली आहे. गोळे कॉलनीत औषधं घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाले, "साधी गोळी अंगाला लागत नाही, लघवीवाटे निघून जाते. लायपोसोमल न्या." म्हणजे चरबीच्या सूक्ष्म आवरणात गुंडाळलेलं सी असलेली गोळी. तिची किंमत कितीतरी पट जास्त आहे. आईला खरंच गुण येणार असेल तर खर्चाचं काही नाही, पण येईल का?

माझ्या वाचनात असं आलं की आतड्यातून सी आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांची क्षमता मर्यादित असते. दिवसाला ३० ते १८० मिलिग्रॅम घेतलं तर ७० ते ९० टक्के शोषलं जातं, एक ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहूनही कमी. मग ५०० ची गोळी अर्धी अर्धी करून दोनदा द्यावी का? शिवाय बाबाही "मीही घेतो एक" म्हणताहेत. त्यांना मुतखडा होऊन गेलाय, त्याचीच जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद:
ताई, लायपोसोमलने रक्तातलं सी साध्या गोळीपेक्षा थोडं जास्त वाढतं, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. पण आईंना सी दिलंय ते आयर्नसाठी, आणि ते काम रक्तात नाही, पोटात आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होतं. तिथे सी लोहाला विरघळलेल्या, शोषता येईल अशा रूपात ठेवतं. त्यासाठी साधी गोळी पुरेशी आहे, फक्त आयर्नसोबतच द्या. वेगळ्या वेळी दिलेल्या अर्ध्या गोळीचा या कामी उपयोग नाही. खरं तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका चाचणीत आयर्नसोबत सी घेणाऱ्यांचं आणि नुसतं आयर्न घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच वाढलं होतं. त्यामुळे महागड्या गोळीचा आग्रह अजिबात धरू नका. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चहा मात्र गोळीच्या आसपास नको, त्याने लोहाचं शोषण चांगलंच घटतं.

बाबांना गोळी देऊ नका. जास्तीच्या सीचं शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेट होतं आणि बरेचसे मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. पुरुषांची रोजची गरज साधारण ८० मिलिग्रॅम आहे, ती एका पेरूत सहज भागते.

धागाकर्ती:
खूप आभार! साधीच गोळी चालू ठेवते. आई आयर्न घेऊन लगेच चहा पिते, तो आजपासून दोन तास पुढे ढकलते. बाबांचा खडा कशाचा होता ते जुन्या रिपोर्टमध्ये बघते.