मातीकाम : हौस संपून धंदा कधी सुरू झाला?

सेवाग्रामजवळच्या आमच्या गावात गोठ्याची एक बाजू रिकामी करून मी चाक बसवलं, त्याला सहा वर्षं झाली. शाळेतली नोकरी सोडली दोन वर्षांपूर्वी. पण धंदा सुरू झाला तो त्याच्याही आधी, नागपूरच्या एका खानावळीने ४० कप सांगितले तेव्हा. ओला १० सेंमीचा कप वाळून-भाजून पावणेनऊचा होतो, एवढं ठाऊक होतं. चाळीसही सारखेच आकसायला हवेत, याचा विचारच केला नव्हता. ३१ परत आले. हौसेत वाकडा कप म्हणजे हाताचा गुण. ऑर्डरीत तो नुसता वाकडा.

तुमचं कसं झालं? लिहा. फसलेलं आधी लिहा.

भद्रावतीकडून

ताई, हौस तुमची. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या हेच. मी इथल्या ग्रामोदय संघात, म्हंजे मातीकाम शिकवणाऱ्या संस्थेत, ग्लेज (भांड्यावरचा काचेसारखा लेप) शिकलो, त मले वाटे आता बुढ्यापेक्षा मलेच जास्त समजते. नाल्यातली माती आणली, गाळलीच नाही. ताटल्या भट्टीतून चकाचक निघाल्या. आठ दिवसांनी पावसाळी हवा सुटली अन् एकेकीचे टवके उडाले. बुढा म्हणे, "चुनखडी होती ना रे त्यात." भाजलेला चुना हवेतलं पाणी पेते अन् फुगते. तवापासून माती पाण्यात कालवून गाळल्याबिगर चाकावर घेत नाही.

अन् एक सांगतो. बुढ्याचा माठ १५० चा, त्यातही लोक घासाघीस करतात. माया कप प्रदर्शनात ३५० ले जाते, कोणी तोंड उघडत नाही. हात त एकाच घरचे. मले हे अजून पचलं नाही.

मोर्शीहून

विजेची भट्टी घेतली, ही माझी चूक. १००० अंशांच्या पुढे गेलं की नेमकी लाईट जायची. ग्लेज अर्धवट वितळून भांडी खरखरीत. एकदा चिडून गरम भट्टीचंच दार उघडलं. ५७३ अंशांच्या आसपास मातीतली गारगोटी एकदम आकसते. थाळ्या टणटण वाजत फुटल्या, शेजारी बघायला आले. आता गॅसवर आहे. सिलिंडरचा खर्च कपाच्या किमतीत धरायला शिकलो, तेव्हा कुठे चार पैसे उरू लागले.

तुमसरहून

एका बाईंना लांब पोळीसाठी मडकं हवं होतं. मी ऐटीत स्टोनवेअरचं करून दिलं, १२०० अंशांच्या वर भाजलेलं. चुलीवर पालथं घातलं आणि दुसऱ्याच पोळीला तडकलं. घट्ट भाजलेल्या भांड्याला थेट जाळ सोसत नाही. आपल्या कुंभाराचं सच्छिद्र मडकं सोसतं. पैसे परत केले आणि गावातल्या कुंभारदादांचं ८० रुपयांचं मडकं नेऊन दिलं. आता त्यांची मडकी माझ्या कपाटात असतात, त्यांच्याच नावाने. भाव मात्र मी त्यांना १२० करायला लावला. ते अजून लाजतात सांगताना.

सेवाग्रामजवळून

भद्रावतीच्या दादा, गाळायला चाळणी कितीची घेता? माझ्याही ताटल्यांना टवके येतात. मी आजवर ग्लेजलाच दोष देत होते.

भद्रावतीकडून

साठ नंबरची. नसन त बुढीचं जुनं लुगडं, दोन पदरी. लुगडं बेस.